मोडी येते, दप्तर येत नाही

महाराष्ट्रात मोडी शिकवणाऱ्या वर्गांची आज वाण नाही. पुराभिलेख संचालनालय वर्ग घेते, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ घेते, काही विद्यापीठांचे इतिहास आणि मराठी विभाग प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम चालवतात. करोनाच्या टाळेबंदीपासून घरबसल्या शिकवणाऱ्या वर्गांचीही त्यात भर पडली. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा कचेऱ्यांतले जुने कागद वाचायला माणसे हवी झाली आणि मोडी वाचणाऱ्याला कधी नव्हे ती मागणी आली. एवढे सगळे असूनही एम. ए. झालेला, हाती प्रमाणपत्र असलेला विद्यार्थी पुणे पुराभिलेखागारात पहिला रुमाल सोडून बसतो, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या कागदावरच अडतो. अक्षर लागते, कागद लागत नाही.

या अडण्याचे कारण विद्यार्थ्याच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. आपण त्याला लिपी शिकवतो. ती लिपी ज्या कचेरीत, ज्या कामासाठी, ज्या क्रमाने लिहिली गेली ती कचेरी त्याला कोणी शिकवत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला अभिलेखागारात काम करण्यासाठी तयार करणे म्हणजे नेमके काय, ते पूर्वी कसे होत असे, आज कुठे तुटले आहे आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यात काय करावे, याचा हा आढावा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: हे काम मोडीच्या वर्गावर सोडून चालणार नाही, ते ग्रंथालयाने अंगावर घ्यायला हवे.

प्रथम समोर काय येते ते पाहू. पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे ३५ हजार रुमाल आहेत आणि त्यांतले बहुसंख्य मोडी कागदांचे. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, त्यात पुडकी, पुडक्यांत कागद. कागद बहुधा हातबनावटीचा, शाई काजळीची. ही शाई शतकानुशतके काळी राहते, पण पाणी लागले की पसरते, म्हणून ओल्या बोटाने पान उलटणे हा इथला पहिला गुन्हा. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू फारसा न उचलता अक्षरे लिहीत जायचे, अशी ही लिहिण्याची रीत. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे जवळजवळ नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. चिटणिशी वळण वेगळे, बिवलकरी वेगळे, आणि इंग्रजी अमदानीत टाकाने लिहिलेली मोडी आणखी वेगळी. दोन-तीन महिन्यांच्या नेटाच्या सरावाने हे सारे बऱ्यापैकी आटोक्यात येते. वर्ग इथवर आणून सोडतो.

खरा अभ्यास पुढे आहे. तारखेचेच घ्या. कागदाच्या शेवटी ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. हे अरबी संख्याशब्द आहेत: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००. म्हणजे हा एकच सन १७६० च्या पावसाळ्यालाही लागू होतो आणि १७६१ च्या जानेवारीतल्या पानिपतालाही. त्याच वर्षाचा फसली ११७०, शालिवाहन शके पानिपताच्या वेळी १६८२. शिवाय महिना बहुधा मुसलमानी चांद्र पद्धतीचा, त्याच्या आधी ‘छ’ आणि चंद्राची तारीख. पुष्कळ पत्रांत वर्ष मुळीच नसते, नुसता महिना आणि तारीख असते, आणि वर्ष आतल्या मजकुरावरून ठरवावे लागते. जंत्री उघडून हे गणित रोज करण्याची सवय ज्याला नाही, त्याच्या हातून पुढच्या वर्षीचे पत्र मागच्या वर्षात जाते आणि त्यावर उभा केलेला सगळा युक्तिवाद कोसळतो. मराठी इतिहासातले कितीतरी वाद अशा एका वर्षाच्या फरकावर चालले आहेत.

मग संक्षेप. ‘मौ।’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘त॥’ म्हणजे तर्फ, ‘प्र॥’ म्हणजे प्रांत. पण लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे यांची रूपे एकमेकांत मिसळतात, आणि तर्फ की परगणा हे त्या गावाचा त्या काळचा भूगोल माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. जमाखर्चात रकमांच्या आणि अपूर्णांकांच्या खुणा वेगळ्या, खंडी-मणांच्या वेगळ्या. शब्दांचे अर्थही आजचे नव्हेत. पेशवाईतल्या कागदांत ‘कुणबीण’ म्हणजे बहुधा विकत घेतलेली किंवा सरकारात जमा झालेली दासी. हे ठाऊक नसलेला वाचक आज जातीच्या नोंदी शोधायला बसला, तर तो किती अनर्थ करील याची कल्पना करावी. य. न. केळकरांचा ऐतिहासिक शब्दकोश, माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश, मोल्सवर्थ, विल्सनचा १८५५ चा महसुली शब्दांचा कोश ही हत्यारे टेबलावर असावी लागतात. ग. ह. खऱ्यांचा ‘संशोधकाचा मित्र’ तर नावाप्रमाणे याच गरजेसाठी झालेला ग्रंथ आहे.

या सगळ्याच्याही वरची एक पायरी आहे, आणि तीच सर्वांत कमी शिकवली जाते: हा कागद इथे का आहे? पेशवे दप्तर म्हटले की वाटते, शनिवारवाड्यातले कागद उचलून आणून ठेवले आहेत. प्रत्यक्षात १८१८ नंतर इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या पेशव्यांच्या कागदांबरोबर सातारकर महाराजांचे दप्तर आहे, आंग्र्यांचे आहे, आणि इनाम कमिशनने गावोगावच्या वतनदारांकडून व कारकुनांकडून जमा केलेला ‘जमाव’ आहे. इनाम कमिशनचा कायदा १८५२ चा. जमीन बिनसाऱ्याची आहे असा ज्याचा दावा, त्याने पुरावा आणून दाखवायचा. तेव्हा जमावातली सनद शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची असली, तरी ती इथे आली एका दाव्याच्या निमित्ताने. ती अस्सल आहे की नक्कल, नक्कल असली तर कोणी, कधी आणि कोणासमोर केली, शिक्का-मोर्तब कुठे आहे, ‘बार’ झाल्याची खूण आहे का, हे विचारल्यावाचून तिच्यातले एक वाक्यही वापरता येत नाही. चिटणीसीतले पत्र, रोजकिर्दीतली नोंद आणि प्रांत अजमासातला आकडा ही तीन वेगळ्या प्रकारची विधाने आहेत. पहिले कोणीतरी कोणाला तरी सांगितले, दुसरे कचेरीत नोंदले गेले, तिसरा तर पुढच्या वसुलाचा नुसता अंदाज. अजमासातला आकडा प्रत्यक्ष वसूल समजून महसुलाचे तक्ते मांडणारे प्रबंध आपल्याकडे झाले आहेत. ती चूक वाचनाची नाही, तो कागद कोणत्या कामाचा हे न शिकवल्याची आहे.

पूर्वी हे शिक्षण कसे होत असे? विद्यापीठात तर मुळीच नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत हे काम गेले. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळेत शिक्षक. पटवर्धनी दप्तरातून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी साताऱ्यात संग्रह जमवला. कोणीही त्यांना पद्धत शिकवली नव्हती. कागद गोळा करणे, लावणे, वाचणे, छापणे हे सगळे एकाच माणसाच्या हातून होत असे, म्हणून कागदाचा जन्म आणि प्रवास त्याला आपोआप ठाऊक असे. राजवाड्यांच्या प्रस्तावना आज वाचल्या तरी लक्षात येते की साधनांची छाननी कशी करावी याचे मराठीतले पहिले सविस्तर पाठ तेच आहेत. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, आणि शिकण्याचे हे काम एका घरात आले. नव्या माणसाने जुन्याजवळ बसायचे, त्याचे वाचन ऐकायचे, आपले वाचन त्याला दाखवायचे, सभेत टिपण वाचायचे आणि तिथल्या तिथे खोडून काढून घ्यायचे. शंकर नारायण जोशी, दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे ही माणसे या वातावरणातली. पुढे राजवाड्यांचे मंडळाशी बिनसले, ते धुळ्याकडे गेले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ती परंपराही तशीच.

दरम्यान सरकारी दप्तर मात्र बंदच होते. इनामांचे हक्क, संस्थानिकांचे दावे, राजकारणाची धास्ती यांमुळे इंग्रज सरकार ते संशोधकांना मोकळे करायला तयार नव्हते. सरकारपसंतीने गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकिर्दींतले वेचे निवडले, आणि त्यांच्या आधाराने न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये आपला प्रसिद्ध निबंध वाचला. लढायांपलीकडे महसूल, न्याय, जकात, दंड, धर्म यांचा इतिहास या कागदांत आहे, हे मराठी समाजाला त्याने पहिल्यांदा दाखवले. १९१९ मध्ये अखिल भारतीय पातळीवर ऐतिहासिक अभिलेखांचा आयोग नेमला गेला. पुण्याचे संशोधक आणि जदुनाथ सरकार यांच्यातला झगडा या काळातला. दप्तर कोणी पाहावे, कोण लायक, कोण नालायक, यावर दोन्ही बाजूंनी कडवट लिहिले गेले. दीपेश चक्रवर्तींनी जदुनाथ सरकारांवरील २०१५ च्या ग्रंथात ही हकिकत विस्ताराने मांडली आहे आणि प्रत्येक संशोधक-विद्यार्थ्याने ती वाचावी, कारण अभिलेखागाराचे दार उघडणे हा नेहमीच सत्तेचा प्रश्न असतो हे तिच्यातून समजते. शेवटी १९२९ मध्ये गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे काम सोपवले गेले. बडोद्याची नोकरी आटोपून निवृत्त झालेल्या रियासतकारांनी सहायकांना घेऊन १९३४ पर्यंत निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर काढले आणि दप्तराची एक मार्गदर्शिकाही लिहिली.

या ४५ खंडांचे उपकार मोठे आहेत, ते मान्य करूनच पुढचे बोलतो. त्यांच्यामुळे दप्तर छापील झाले, आणि छापील झाल्यामुळे विद्यापीठांना मूळ दप्तरात जाण्याची गरज वाटेनाशी झाली. पाच-सहा वर्षांत हजारो रुमालांतून निवड करायची म्हणजे निवडणाऱ्याच्या दृष्टीला जे मोलाचे वाटले तेच आले. सरदेसाईंची दृष्टी राजकारणाची होती. सामाजिक व धार्मिक बाबींना वाहिलेला खंड येतो तो अगदी शेवटी शेवटी. शिवाय छापताना पत्र आपल्या पुडक्यातून सुटले. त्याच्या शेजारी कोणता कागद होता, पाठीवर काय शेरा होता, हे छापील पानावर दिसत नाही. पुढच्या दोन पिढ्यांचे प्रबंध वाड आणि सरदेसाई यांच्या निवडीवरच पोसले गेले. अ. रा. कुलकर्णींसारख्या प्राध्यापकांनी मात्र मूळ साधनांकडे विद्यार्थ्यांना वळवले. वि. स. कदम यांनी अठराव्या शतकातल्या विवाहसंस्थेवर आणि स्त्रियांच्या स्थितीवर १९८८ मध्ये लिहिलेला लेख किंवा सुमित गुहा यांचे डोंगर-जंगलांतल्या समाजांवरचे काम पाहिले की कळते, न छापलेल्या रुमालांत काय दडले आहे. प्राची देशपांडे यांच्या २०२३ च्या ग्रंथात तर मोडीत लिहिणारा कारकूनच अभ्यासाचा विषय झाला आहे. दप्तर शिकवण्याच्या दृष्टीने मला अलीकडचे हे सर्वांत उपयोगी पुस्तक वाटते.

विद्यापीठांनी या कामात काहीच केले नाही असेही नाही. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह तिथे आला. त्र्यंबक शंकर शेजवलकर तिथे होते. नाना फडणिसांच्या मेणवली दप्तरातली नागपूरकर भोसल्यांसंबंधीची पत्रे त्यांनी दोन खंडांत संपादित केली. शिकवणारा, ग्रंथालय आणि मूळ कागद एकाच आवारात असण्याचा हा दुर्मिळ योग. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी स्वतः ताराबाईकालीन कागदपत्रे संपादित केली. पुढे विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रातून विलास संगवे आणि बी. डी. खणे यांच्या संपादनाखाली राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंड निघाले. कुलगुरू जिथे मोडी कागद हाती घेऊन बसतो, तिथल्या विद्यार्थ्याला अभिलेखागार परके वाटत नाही.

गोव्याची गोष्ट वेगळी आणि मला फार शिकवणारी वाटते. दियोगु दु कौतु याच्याकडे १५९५ मध्ये गोव्याच्या दप्तरखान्याची जबाबदारी आली. त्या अभिलेखागाराला विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पुन्हा जिवंत केले. पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास त्यांनी काढला, आणि १९५५ मध्ये पोर्तुगीज भारताच्या दप्तरांची मार्गदर्शिकाही दिली. त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. संभाजी महाराजांच्या गोव्यावरील स्वारीवर किंवा वसईच्या मोहिमेवर लिहू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला पणजीला जावेच लागते, आणि तिथे मोडीच्या प्रमाणपत्राचा पुरता उपयोग नाही. सतराव्या शतकातले पोर्तुगीज हस्ताक्षर लावता यावे लागते. तीच गत फारसीची. सेतुमाधवराव पगडी आणि ग. ह. खरे यांच्यानंतर फारसी साधने मराठीत आणणारे हात बोटांवर मोजावे लागतात. तंजावरला १६७६ ते १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद वाचायला महाराष्ट्रातून आजही फार थोडे विद्यार्थी जातात.

आता आजचे वर्ग पाहा. पीएच.डी.ला २००९ पासून अभ्यासक्रमाचे कोर्सवर्क सक्तीचे आहे. त्यात गृहीतक, नमुनानिवड, प्रश्नावली, संख्याशास्त्र, उद्धरणाच्या पद्धती हे सगळे असते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते उपयोगीही आहे. इतिहासाच्या, मराठीच्या, कायद्याच्या विद्यार्थ्याला मात्र कागद मागवायचा अर्ज कसा लिहावा, सूची कशी वाचावी, मिळालेल्या कागदाचा पत्ता कसा नोंदवावा, हे कोणत्याच तासाला सांगितले जात नाही. एम. ए.च्या ‘इतिहासलेखनपद्धती’त अस्सल व दुय्यम साधनांच्या व्याख्या पाठ होतात, अस्सल साधन हाताळल्याशिवाय विद्यार्थी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेखविद्येचे शिक्षण देणारी शाळा आहे. ती दप्तर सांभाळणारे घडवते. ते वापरणारे घडवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ही जबाबदारी घ्यावी असे मी म्हणतो, त्याचे एक साधे कारण आहे. विद्यार्थी रोज तिथेच जातो. सरकारी अभिलेखागारात तो वर्षातून काही दिवस जाईल, आणि तिथले मोजके कर्मचारी त्याला शिकवत बसू शकणार नाहीत. ती अपेक्षाही अवाजवी आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आपल्या एकाच आवारात दोन प्रकारचे विद्यार्थी एकमेकांना न भेटता शिकतात. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्णन करणे, वर्गवारी करणे, सूची बांधणे येते, पण मोडी येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला थोडी मोडी येते, पण सूची कशी घडते हे तो जाणत नाही, म्हणून सूचीत जे नाही ते कुठे शोधावे हेही त्याला सुचत नाही. या दोघांना एका टेबलाशी बसवले पाहिजे.

त्या टेबलावर काय व्हावे? मला वाटते, एका सत्रात एकच छोटे पुडके घ्यावे, चाळीस-पन्नास कागदांचे. ते ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागातले असो, एखाद्या घराण्याने देऊ केलेले असो, किंवा अभिलेखागाराकडून मिळालेल्या प्रतिमांचे असो. पहिले काही तास कागद उघडायचेच नाहीत. हा संग्रह कोणाकडून, कधी, कोणत्या क्रमाने आला ते नोंदवायचे, आणि तो क्रम मोडायचा नाही. मग प्रत्येक कागदाचे वर्णन: आकार, सुरुवात, शेवट, शिक्का, पाठीवरचे शेरे, आहे त्या सनात तारीख आणि मग इसवीत. त्यानंतर लिप्यंतर, आणि ते दोघांनी एकमेकांचे न पाहता करायचे. मूळचे शुद्धलेखन सुधारायचे नाही. संक्षेप उलगडला तर तो कंसात, फाटलेली जागा खुणेने, शंकेचे अक्षर शंकेच्या चिन्हासह. दोन वाचने समोरासमोर ठेवली की जिथे ती जुळत नाहीत तिथेच खरा धडा सुरू होतो, आणि त्या वेळी जवळ जुना, मुरलेला वाचक बसलेला असला पाहिजे. मंडळात, धुळ्यात, कोल्हापुरात असे वाचक अजून आहेत. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना मानधनाचे अध्यापक नेमता येत नाही, ही अडचण नियमांची आहे आणि नियम बदलता येतात. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी केलेली सूची ग्रंथालयाच्या तालिकेत त्यांच्या नावानिशी चढावी. परीक्षेचा पेपर रद्दीत जातो. सूची पुढच्या संशोधकाला रस्ता दाखवते.

पेशवाईच्या बाहेरही हेच शिक्षण लागते, आणि तिथे तर मोडीची अडचणही नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या सभांची इतिवृत्ते, परीक्षांच्या नोंदी, अनुदानाचा पत्रव्यवहार यांतून पश्चिम भारतात उच्चशिक्षण कोणापर्यंत पोहोचले आणि कोणापर्यंत नाही, याचा इतिहास लिहिता येतो. मुंबईचे राज्य अभिलेखागार एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे आणि त्याची सुरुवात १८२१ पर्यंत मागे जाते; तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी खात्यांच्या फायलींत एका प्रश्नावर तीन अधिकाऱ्यांची तीन मते, सुधारलेले मसुदे आणि शेवटचा ठराव असे सगळे थर एकाखाली एक असतात. शेवटचा ठराव तेवढा उतरून घेणारा विद्यार्थी वादच गमावतो. सत्यशोधक चळवळीचे, कामगार संघटनांचे, दलित चळवळीतल्या कार्यकर्त्यांचे कागद तर अजून बहुतांशी घरांत आणि कार्यालयांत आहेत. डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचे सरकारी खंड १९७९ पासून वसंत मून यांच्या कष्टांमुळे निघू लागले, पण त्या एका नावामागे असलेल्या शेकडो कार्यकर्त्यांच्या चोपड्या, पत्रके, हिशेब कोण गोळा करणार? ज्याला पुडके बांधायला आणि सूची करायला शिकवले आहे, तोच विद्यार्थी आपल्या गावात हे करू शकेल.

यंत्राचा प्रश्न इथे येतोच. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. मोडी कागदांच्या प्रतिमा आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरे एकत्र करून यंत्राला वाचायला शिकवण्याचे प्रयत्न आपल्या तंत्रज्ञान संस्थांत चालू आहेत. मी त्यांचे मनापासून स्वागत करतो. पेशवे दप्तराएवढा ढीग माणसे कधीच पुरा वाचू शकणार नाहीत. पण यंत्राला शिकवायला लागणारी बिनचूक लिप्यंतरे माणसांनीच करावी लागतात, आणि यंत्राने दिलेले वाचन खरे की खोटे हे ठरवायलाही दप्तर जाणणारा माणूसच लागतो. सध्याचा धोका त्याहून साधा आहे. विद्यार्थी मोबाइलवर धडाधड छायाचित्रे घेतात आणि घरी गेल्यावर कोणता कागद कोणत्या रुमालातला हे सांगता येत नाही. रुमालाचा, पुडक्याचा आणि कागदाचा क्रमांक नसलेले छायाचित्र पुरावा म्हणून निरुपयोगी आहे, कितीही स्वच्छ असले तरी. आज समाजमाध्यमांवर फिरणारे ‘अस्सल’ कागद बहुतेक याच जातीचे असतात, आणि घराण्यांच्या व जातींच्या अभिमानाला त्यांनी पेटवलेली भांडणे आपण पाहतोच आहोत. कागदाचा पत्ता मागणे ही सवय एम. ए.च्या वर्गात लागली, तर तिचा उपयोग वर्गाबाहेरच्या समाजालाही होईल.

वाट अगदी बंद नाही. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर रचनेत पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांची संशोधनपद्धती आहे आणि ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आहे. हे कार्यप्रशिक्षण म्हणजे सुमारे १२० तास. इतिहास आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना हे तास कुठे द्यावे असा प्रश्न विभागांना पडतो, आणि मग कुठल्या तरी कार्यालयाचे हजेरीपत्रक आणून काम भागवले जाते. हेच १२० तास ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात आणि जवळच्या अभिलेखागारात वापरता येतील. त्यासाठी नवा विभाग, नवी इमारत, नवे अनुदान यांची वाट पाहायची गरज नाही. ग्रंथपाल, विभागप्रमुख आणि अभिलेखागाराचे अधिकारी यांच्यात एक लेखी करार हवा, आणि मुरलेल्या एका वाचकाच्या मानधनाची सोय हवी. अभ्यासमंडळांवर असलेल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीत हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा. आणि ज्या वाचकांच्या घरी आजोबांची ट्रंक किंवा एखाद्या संस्थेचे जुने कपाट आहे, त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाला एक पत्र लिहावे.